एकास पाचशे

मोटार धुण्याच्या शाम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत जी सूचना छापलेली असते, तिच्यात बहुधा इतकेच सांगितलेले असते की, दहा लिटर पाण्यात अमुक मिलिलिटर द्रव मिसळावा. ही ओळ मुळात वाचणारे लोक थोडे, आणि जे वाचतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा शिरस्ता असा की, बाटलीचे टोपण हेच माप मानून साबण बऱ्यापैकी काळजीने ओतावा, आणि पाणी मात्र नळाखाली बादली ठेवून ती डोळ्यांना पुरेशी वाटेपर्यंत भरू द्यावी. प्रमाण हा दोन राशींमधला संबंध आहे. त्यांपैकी एक राशी मोजली आणि दुसरी अंदाजावर सोडली, तर मोजलेल्या राशीसाठी घेतलेली मेहनतही वाया जाते. कारण वीस मिलिलिटर शाम्पू दहा लिटरांत पडला तर ते प्रमाण एकास पाचशे होते, आणि तोच शाम्पू सहा लिटरांत पडला तर एकास तीनशे. साबण मोजणारे पुष्कळ आढळतात, पाणी मोजणारा विरळा. आणि माझ्या मते गाडी धुण्याच्या कामातील बहुतेक नासधूस, मग ती पाण्याची असो, रंगाची असो की पैशांची, या न मोजलेल्या पाण्यापासून सुरू होते.

इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या कामाला मापाची काय गरज, अशी शंका घेणाऱ्याने प्रथम आपल्या गाडीच्या रंगाची रचना ध्यानात घ्यावी. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर अस्तराचे थर असतात, त्यांवर रंगाचा थर असतो आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा एक थर असतो. गाडीची सारी झळाळी या शेवटच्या थरावर अवलंबून असते, आणि त्याची जाडी चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या ते पंचविसाव्या भागाएवढीच असते. आपल्या रस्त्यांवरची धूळ ही मऊ माती नसून तिच्यात दगडाचे व वाळूचे अतिसूक्ष्म, कडक व टोकदार कण असतात. ही धूळ ओल्या फडक्याने पुसताना फडके आणि लाख यांच्यामध्ये जो साबणाच्या पाण्याचा निसरडा पडदा असतो, तोच त्या कणांना पत्र्यावर ओरखडे न काढता घसरत जाऊ देतो. साबण कमी पडला तर हा पडदा विरतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर जे बारीक वर्तुळाकार ओरखडे दिसतात, त्यांची भर पडत जाते. उलट साबण अधिक झाला तर त्याचा अंश सांध्यांत, रबरी पट्ट्यांखाली व आरशांच्या खोबणींत साचून राहतो, वाळल्यावर पांढुरके डाग धरतो, आणि तो काढण्यासाठी दुप्पट पाणी ओतावे लागते. म्हणजे साबणाचे माप चुकले की पाण्याचे मापही आपोआप चुकते. या दोन चुका परस्परांपासून निराळ्या करता येत नाहीत.

साबणाचे काम नेमके कसे चालते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते समजल्यावाचून 'थोडा जास्त टाकला तर बिघडते कुठे' या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे, लांब शेपटासारखे टोक, पाण्यापासून दूर पळून तेलाकडे व हवेकडे धाव घेते. यामुळे पाण्यात पडलेले पहिले रेणू पृष्ठभागावर गोळा होतात आणि पाण्याचा पृष्ठताण, जो २५ अंश सेल्सियसला प्रतिमीटर सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तो निम्म्याच्या आसपास उतरवतात. मग एरवी लाखेवर थेंबाथेंबांनी गोळा होऊन बसणारे पाणी सपाट पसरते व धुळीच्या खाली शिरते. परंतु पृष्ठभाग एकदा भरून गेला की पुढे येणाऱ्या रेणूंना तेथे जागा उरत नाही, आणि ते पाण्याच्या पोटात आपापली शेपटे आत वळवून गोलाकार पुंजके करून राहू लागतात. या पुंजक्यांची कल्पना जेम्स मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली मांडली, आणि ते ज्या तीव्रतेला तयार होऊ लागतात ती मर्यादा आता प्रत्येक अपमार्जकासाठी मोजलेली आहे. सोडियम डोडेसिल सल्फेट या सर्वपरिचित पदार्थाच्या बाबतीत ती शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे २.३ ग्रॅम भरते. शाम्पूत अनेक द्रव्यांचे मिश्रण असल्याने त्याची मर्यादा निराळी असते, तथापि तत्त्व तेच. त्या मर्यादेपलीकडे साबण ओतत गेल्याने पाणी अधिक 'ओले' होत नाही. पुंजके तेल पोटात घेतात, म्हणून चिकट ओघळ किंवा इंजिनाच्या आसपासची वंगणाची काजळी काढताना ते उपयोगी पडतात हे खरे. पण रोजच्या धुळीने मळलेल्या गाडीवर तेल असते तरी किती?

पृष्ठताणाच्या पद्धतशीर मापनाचे एक महत्त्वाचे काम झाले ते कोणत्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी एका घराच्या स्वयंपाकघरात, ही हकिकत मला फार मोलाची वाटते. आग्नेस पॉकेल्स या मुलीला, स्त्रियांना उच्च शिक्षणाची दारे बंद असलेल्या काळात, विद्यापीठात जाता आले नाही; आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम तिच्या वाट्याला आले. भांडी घासताना पाण्यावर तेलकटपणाचा व साबणाचा काय परिणाम होतो हे न्याहाळता न्याहाळता तिने टिनचे एक लांबट पात्र तयार केले, त्यावर आडवी पट्टी सरकवून पाण्याचा पृष्ठभाग लहानमोठा करण्याची युक्ती काढली, आणि लहानशी चकती पाण्यावरून उचलण्यास किती बळ लागते हे तराजूने मोजून पृष्ठताणाचे आकडे मिळवले. तिने आपले निष्कर्ष इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविले, आणि त्या थोर शास्त्रज्ञाने ते पत्र स्वतःच्या शिफारशीसह 'नेचर' नियतकालिकाकडे धाडून १८९१ साली प्रसिद्ध करविले. ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने तिला सन्मान्य डॉक्टरेट दिली ती १९३२ साली. साबणाच्या पाण्याचे अचूक मापन घरच्या साधनांनी होऊ शकते, यासाठी याहून मोठा दाखला देण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र मापाची जागा फेसाने घेतलेली आहे. आमच्या गृहनिर्माण संस्थेत पहाटे गाड्या धुणारा एक तरुण आहे. हात चलाख, कामात कुचराई नाही. त्याला मी एकदा विचारले की, बादलीत इतका साबण कशासाठी, तेव्हा तो म्हणाला, "काका, फेस दिसला नाही तर मालकांना वाटतं, साबण टाकलाच नाही. नुसत्या पाण्याने उरकलं म्हणतात." त्याचे बोलणे अगदी बरोबर होते, आणि दोष त्याचा नव्हताच. आपण, गाडीचे मालक, फेसाला श्रमाचा पुरावा मानतो. वस्तुतः फेस म्हणजे साबणाच्या पातळ पडद्यात कोंडलेली हवा. तो किती येतो हे साबणाच्या जातीवर, पाण्याच्या गुणावर आणि पाणी किती उंचावरून पडते यावर ठरते, आणि सफाईशी त्याचा संबंध फार दूरचा असतो. कित्येक उत्तम द्रावणे, विशेषतः धुतल्यानंतर वरून पाणी ओतण्याची गरज नसलेली, फेस जवळजवळ करतच नाहीत. त्या तरुणाला मापाची गोडी लागावी असे वाटत असेल, तर प्रथम मालकांनी फेस मागणे सोडले पाहिजे.

आता मापाकडे वळू. आणि आरंभ बादलीपासून करू, कारण सारा घोटाळा तेथे आहे. बादलीवर वीस लिटर असे लिहिलेले असले, तरी ते पाणी काठोकाठ भरल्यावरचे असते, आणि काठोकाठ भरलेल्या बादलीत हात घालून कोणी काम करत नाही. हात व फडके बुडण्यापुरती जागा सोडली की ती पंधरा-सोळा लिटरांवर येते. दुसरी गोष्ट याहून फसवी. आपल्या बादल्या तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असतात, त्यामुळे निम्म्या उंचीपर्यंतचे पाणी हे निम्मे पाणी नसते. तळाचा व्यास २२ सेंटिमीटर, तोंडाचा ३० आणि उंची २८ अशी बादली घेतली, तर तीत काठापर्यंत जवळजवळ १५ लिटर पाणी मावते. पण १४ सेंटिमीटर उंचीला, जेथे डोळा 'अर्धी झाली' म्हणतो, तेथे भरते अवघे सव्वासहा लिटरांच्या थोडे वर. साडेसात लिटर समजून साबण घातला तर तो तेथल्या तेथे सुमारे अठरा टक्क्यांनी जास्त होतो, आणि याचा पत्ता कोणालाच लागत नाही.

यावरचा उपाय एका सकाळीच होण्यासारखा आहे, आणि तो एकदा केला की बादली फुटेपर्यंत पुन्हा करावा लागत नाही. सपाट फरशीवर बादली ठेवावी, तीत खात्रीच्या मापाने एकेक लिटर पाणी ओतत जावे, दर लिटरला पाणी स्थिर होऊ द्यावे, आणि पाच, आठ, दहा व बारा लिटरांना आतल्या बाजूने खूण करून नंतर बादली कोरडी झाल्यावर त्या खुणांवर तैलरंगाची बारीक रेघ ओढावी. रेघा जसजशा वर जातात तसतसे त्यांच्यातले दर लिटरमागचे अंतर कमी होत गेलेले दिसते; बादलीचा निमुळता आकार अशा रीतीने डोळ्यांसमोर मांडला जातो. खात्रीचे माप कोणते, हा प्रश्न योग्य आहे. पाण्याची विकत मिळणारी एक लिटरची बाटली तोंडापर्यंत भरली तर तीत एक लिटरपेक्षा थोडे अधिक पाणी मावते, कारण कारखान्यात ती वर मोकळी जागा सोडून भरलेली असते. तेव्हा बाटली फोडल्याबरोबर पाण्याची पातळी जेथे असेल तेथे खूण करून ठेवावी. सुटे दूध मोजणाऱ्याजवळ शासनाच्या वैध मापन खात्याचा शिक्का मारलेले लिटरचे धातूचे माप असते, ते तासाभरासाठी मागून आणता आले तर उत्तमच. आणि हेही नको असेल, तर तराजू आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब आपल्याकडील उन्हाळ्याच्या पाण्यालाही लिटरमागे चारपाच ग्रॅमच चुकतो, आणि गाडी धुण्यासाठी ती चूक हिशेबात धरण्याजोगी नाही. रिकामी बादली तोलावी, भरलेली तोलावी, आणि वजाबाकी करावी.

साबणाचे माप पाण्याच्या मानाने सोपे, पण त्यालाही काही बारकावे आहेत. बाटलीच्या टोपणात किती मिलिलिटर मावते हे सर्वच उत्पादक छापत नाहीत, आणि निरनिराळ्या बाटल्यांची टोपणे निरनिराळी असतात, म्हणून 'दोन टोपणे' हा हिशेब बाटली बदलली की रद्द समजावा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी पारदर्शक वाटी, जिच्यावर अडीच, पाच, दहा मिलिलिटरांच्या रेघा असतात, ती या कामाला फार चांगली. अथवा औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज, सुई काढून. वाटी डोळ्यांच्या समोरासमोर धरून वाचावी, वरून खाली पाहत वाचू नये, कारण द्रवाची कड भिंतीवर चढलेली असते आणि खरी पातळी मधल्या खोलगट भागाची धरायची असते. शाम्पू दाट असल्याने ओतल्यावर वाटीच्या आतून त्याचा एक पातळ थर चिकटून राहतो. म्हणून वाटी बादलीतल्याच पाण्यात दोनदा खंगाळून घ्यावी, म्हणजे मोजलेले सारे पाण्यात जाते. वाटी एकदा गाडीच्या कामाला लावली की ती पुन्हा औषधासाठी घरात नेऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण घरात लहान मुले असतात म्हणून सांगतो.

मिसळण्याचा क्रमही ठरलेला असावा. बादलीत आधी साबण टाकून त्यावर नळ सोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, कारण तिने भरघोस फेस होतो. पण त्याच फेसाखाली रेघ बुडून जाते आणि पाणी कोठवर आले हे दिसेनासे होते. आधी पाणी रेघेपर्यंत भरावे, मग साबण घालावा, आणि हाताने तळापर्यंत ढवळावे.

एकास पाचशे हे प्रमाण ऐकून शहरी गृहस्थ जरा दचकतो, पण हाच हिशेब आपल्या खेड्यापाड्यांतला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नव्हे तरी निदान आपल्या हयातीत रोज करत आलेला आहे. पाठीवरच्या पंधरा लिटरच्या फवारणीपंपाला तीस मिलिलिटर औषध, असे जेव्हा कृषिसेवा केंद्रातला माणूस सांगतो, तेव्हा तो लिटरला दोन मिलिलिटर, म्हणजेच एकास पाचशे सांगत असतो. आणि शेतकरी पंपाची टाकी रेघेपर्यंत भरून, टोपणाने किंवा मापाने औषध मोजून ते मिसळतो, कारण माप चुकले तर पीक जळते किंवा कीड तशीच राहते हे त्याला पक्के ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत माप चुकल्याची शिक्षा इतकी लवकर होत नाही, म्हणून ते चुकू दिले जाते, एवढाच फरक.

लहान प्रमाणांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. एकास दहा म्हणजे एक भाग साबण आणि दहा भाग पाणी, मिळून अकरा भाग. तेव्हा एक लिटरची फवारणीची बाटली तयार करायची असेल तर साबण शंभर नव्हे, सुमारे ९१ मिलिलिटर आणि पाणी ९०९ मिलिलिटर घ्यावे. एकास पाचशेला हा फरक नगण्य, पण चाकांच्या तबकड्यांसाठी जे तीव्र द्रव एकास चार या प्रमाणात वापरतात, तेथे एकूण पाच भागांपैकी एक भाग आणि चार भागांपैकी एक भाग यांत वीस टक्के आणि पंचवीस टक्के इतके अंतर पडते. त्याहून मोठा घोळ परदेशी बाटल्यांवरच्या सूचनांत असतो. 'गॅलनला एक औंस' असे अमेरिकन बाटलीवर लिहिलेले असेल तर तो गॅलन ३.७८५ लिटरचा आणि १२८ औंसांचा असतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि १६० औंसांचा. पहिल्या हिशेबाने दहा लिटरांना सुमारे ७८ मिलिलिटर पडतात, दुसऱ्याने साडेबासष्ट. तेव्हा आयात मालाची सूचना वाचताना देश कोणता, याची खातरजमा करूनच आकडा आपल्या बादलीच्या भाषेत आणावा.

येथवर आपण पाणी म्हणजे नुसते पाणी असे धरून चाललो, पण तेही सर्वत्र सारखे नसते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे पाणी सुफेन असते. पण दख्खनच्या काळ्या कातळात खोल गेलेल्या कूपनलिकांचे पाणी बहुधा दुष्फेन असते, आणि टँकरवर जगणाऱ्या शहरी उपनगरांत गाडीच्या वाट्याला हेच पाणी येते. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसल्यास ६०० मिलिग्रॅम ठरवली आहे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम साध्या साबणाला पकडून त्याचा न विरघळणारा पांढरा चोथा करते, आणि हा चोथा पूर्ण होईपर्यंत साबणाचा काहीही उपयोग होत नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाहता, २०० मिलिग्रॅम काठिण्याचे दहा लिटर पाणी शुद्ध साबणाचे सुमारे बारा ग्रॅम केवळ गिळून टाकते, आणि ६०० मिलिग्रॅमचे पाणी त्याच्या तिप्पट. ॲबर्डीनचे थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या सुमारास याच गुणधर्माचा उपयोग उलट्या दिशेने केला. मोजलेल्या पाण्यात साबणाचे प्रमाणित द्रावण थोडे थोडे घालून, हलवल्यावर टिकणारा फेस केव्हा येतो हे पाहून, त्यांनी पाण्याचे काठिण्य मोजण्याची रीत घालून दिली. आपणही सारख्या दोन बाटल्यांत नळाचे आणि कूपनलिकेचे पाणी सारखेच घेऊन, दोन्हींत अंगाच्या साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब टाकून हलवून पाहिले, तर फरक तत्काळ दिसतो. मोटारीचे शाम्पू संश्लेषित अपमार्जकांचे असतात व त्यांना दुष्फेन पाण्याचा उपद्रव बराच कमी होतो. म्हणून कूपनलिकेच्या पाण्याला शाम्पू दुपटीने वाढवण्याचे कारण नाही, मात्र कपड्यांचा वडी साबण गाडीला लावणे हे सर्वस्वी त्याज्य. धुण्याची पावडरही टाळावी, कारण तिच्यात सोडा असतो. आणि भांड्यांचे द्रव तेलकटपणा काढण्यासाठीच बनलेले असल्याने ते गाडीवरचे मेणही काढून नेते. दुष्फेन पाण्याच्या बाबतीत खरी दक्षता शेवटी घ्यावी लागते: ते गाडीवर वाळू देऊ नये, सावलीत धुवावे आणि लगेच टिपून घ्यावे, नाहीतर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे वर्तुळ उमटते.

पाण्याचा सर्वांत मोठा खर्च बादलीत होतच नाही. तो रबरी नळीतून होतो, आणि नळीला रेघा नसतात. पण तिलाही मोजण्याची रीत आहे. दहा लिटरच्या खुणेपर्यंत बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. चाळीस सेकंद लागले तर ती नळी मिनिटाला पंधरा लिटर सोडते. आता गाडी धुताना ती एकंदर किती वेळ चालू राहते हे पाहावे, आणि त्यात फडके पिळताना, शेजाऱ्याशी बोलताना, चाकाकडे वाकलेले असताना ती फरशीवर वाहत असते तोही वेळ धरावा. बारा मिनिटे भरली तर एकशे ऐंशी लिटर गेले. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांत माणशी, दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे असा आपल्याकडील नियोजनाचा दंडक आहे. म्हणजे एका माणसाचे सबंध दिवसाचे पिणे, रांधणे, अंघोळ, धुणे यांहून अधिक पाणी एका पत्र्यावरून वाहून गेले. नळीच्या टोकाला खटक्याची तोटी बसवली की वाया जाणारे हे पाणी थांबते, आणि ती तोटी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

दाबाच्या यंत्राने पाणी वाचते, हे सावधपणेच म्हणावे लागते. घरगुती यंत्र मिनिटाला साधारणतः पाच ते सात लिटर पाणी फेकते, म्हणजे नळीपेक्षा कमी. पण ते हातात आले की माणूस खेळत राहतो. त्याच्या फेसाच्या बाटलीत साबण दोनदा पातळ होतो, एकदा आपण बाटलीत मिसळतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा यंत्राचे पाणी त्याला ओढून घेते तेव्हा. बाटलीत एकास दहा केले आणि यंत्रानेही एकास दहा ओढले, तर गाडीवर पडणारे द्रावण मूळ साबणाच्या १२१ पट पातळ असते. यंत्राचे प्रमाण काढायचे असेल तर बाटलीत साबण न घालता साधे एक लिटर पाणी भरावे, म्हणजे फेसाचा अडथळा येत नाही. मग ती रिकामी होईपर्यंत यंत्रातून बाहेर पडणारे सारे पाणी खुणांच्या बादल्यांत धरावे. बारा लिटर निघाले तर त्यांतला एक लिटर बाटलीचा आणि अकरा यंत्राचे.

हे सारे जमले की मध्यम आकाराच्या गाडीला चाळीस लिटर पाणी पुरते, असे माझे मत झाले आहे. दहा लिटर बागेच्या झारीने आधी ओतून सुटी धूळ खाली न्यावी. दहा लिटरांच्या बादलीत वीस मिलिलिटर शाम्पू, किंवा बाटलीवर जे प्रमाण असेल त्याप्रमाणे. दुसऱ्या बादलीत दहा लिटर साधे पाणी, ज्यात फडके प्रत्येक फेरीला पिळून मगच साबणाच्या बादलीत बुडवायचे. आणि शेवटचे दहा लिटर पुन्हा झारीने, छतापासून खाली. दुसऱ्या बादलीचे महत्त्व विशेष आहे, कारण पहिल्या दोनचार फेऱ्यांतच तिच्या तळाशी जो गाळ बसतो तो पाहिला म्हणजे एका बादलीने धुताना हेच खडे आपण पुन्हा पुन्हा लाखेवर घासत होतो हे ध्यानात येते. पिळलेल्या फडक्यातून थोडे साधे पाणी साबणाच्या बादलीत येतच राहते, म्हणून फडके नीट पिळावे. आणि चाके सर्वांत शेवटी, निराळ्या फडक्याने धुवावीत.

एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवण्यात आले, आणि पहिल्या खेपेच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले. मोकळ्या नळीने, गाडीमागे एकशे ऐंशी लिटरांच्या हिशेबाने, एवढ्या पाण्यात पावणेतीन हजारांच्या आसपास गाड्या धुऊन होतात. मोजलेल्या चाळीस लिटरांनी साडेबारा हजार. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठेवला, तो अशाच टंचाईच्या दिवसांत. हुकूम निघाल्यावर मोजू लागण्यापेक्षा आपल्या संस्थेच्या नळाजवळ रेघा ओढलेल्या दोन बादल्या, एक झारी आणि साखळीने बांधलेली मापाची वाटी आधीच ठेवणे कितीतरी सोपे आहे. तसेच गाड्या धुणाऱ्या माणसाचा मोबदला या पद्धतीला लागणाऱ्या जादा वेळाइतका वाढवून देणे न्यायाचे आहे, कारण नळीने झटपट उरकणारे काम बादलीने करायला त्याला अधिक वेळ मोडावा लागतो.

शेवटी बादलीत उरलेल्या पाण्याचा प्रश्न राहतो. वाहनतळाच्या कडेला असलेली जाळी ही बहुधा पावसाळी गटाराची असते, आणि पावसाळी गटाराचे पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट ओढ्यात व तेथून नदीत उतरते. त्यात गेलेला साबण, रस्त्यावरचे वंगण आणि ब्रेकच्या पट्ट्यांची काळी भुकटी माशांच्या व शेवाळाच्या वाट्याला येते. दोन्ही बादल्यांतले उरलेले पाणी या जाळीत न ओतता मोरीत किंवा शौचकूपात ओतावे, म्हणजे ते मैलावाहिनीने जाईल. आणि तळाचा गाळ आधी निवळू देऊन, तो फडक्यात गोळा करून कचऱ्यात टाकावा.